भोवरा गार होईपर्यंत

आमच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मामाने ती आखातातून परत येताना जहाजाने आणली होती, आणि वर्षभरात त्याला पुन्हा तिकडे जावं लागलं तेव्हा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगखाली लावून गेला. "ताईला इस्पितळात न्यायला होईल," म्हणाला. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला शहरातल्या इस्पितळात नेऊन मशीनवर रक्त धुवून आणावं लागे. गाडीत ती उजवीकडे बसायची, म्हणजे इथे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे. सिग्नलला लोकांना दिसायचं ते एवढंच, की एक बाई डोळे मिटून निवांत झोपली आहे आणि गाडी चालली आहे. तिला याची फार गंमत वाटे. बरं वाटत असलं की ती मुद्दाम डोळे मिटायची.

गाडी डिझेलची, टर्बो इंजिनाची आणि दोन लाख किलोमीटरच्या वर पळलेली. तशी गाडी आमच्या भागात कुणी उघडून पाहिली नव्हती. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी ती पहिल्याच रविवारी उघडली आणि मला बोलावून दाखवली. "ह्याच्या पोटात भोवरा आहे," ते म्हणाले. धूर जाताना तो भोवरा फिरवतो, भोवरा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि तो सगळा वेळ ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. इंजिन बंद केलं की ऑइल थांबतं, पण भोवरा लाल तापलेला असतो आणि फिरतच राहतो. कोरडा. म्हणून गाडी थांबली तरी दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. नवी गाडी एखाद वेळेस चूक पोटात घालील, एवढी पळलेली घालणार नाही.

हे दोन मिनिटांचं प्रकरण बाबांनी देवपूजेसारखं पाळलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं त्याच्या निम्म्या अंतरावर ते ऑइल बदलत, दर रविवारी पट्टी ओढून ऑइल बोटांवर चोळून पाहत, पाइपांचे क्लॅम्प आवळत. आई वरून विचारायची, "अवो, गाडयेचा जेवाण झाला असात तर आता तुम्ही जेवा."

मला त्या दोन मिनिटांचा संताप यायचा. मशीनवरून उतरलेली आई अगदी पिळून काढलेली असायची. तिला आधी वर न्यावं की नाही? पण ती दोघं खाली गाडीत बसून राहायची, इंजिन घरघरत असायचं. एकदा मी दार उघडून तिला उतरवायला गेलो तर म्हणाली, "ऱ्हवांदे रे. तेका जरा दम खावंदे. माका पण." आमच्या दोन खोल्यांत आजी, आत्या आणि आम्ही भावंडं. आईबाबांना एकमेकांशी बोलायला तेवढीच जागा होती हे मला फार उशिरा कळलं.

पुढे बाबांना गुरुवारी रजा मिळेनाशी झाली. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, माझी सुट्टी गुरुवारी असे. गुरुवार माझ्याकडे आला.

गाडी मी कुर्ल्याच्या काकांच्या टॅक्सीवर शिकलो होतो. काकांची एक ऐट होती. घराच्या कोपऱ्यावर ते गिअर काढत, चावी फिरवून इंजिन बंद करत आणि उरलेल्या वेगावर टॅक्सी आवाज न करता बरोबर आपल्या जागेवर आणून ठेवत. डिझेल वाचतं, असं म्हणत, पण खरी मजा त्या जागेवर आणून ठेवण्यात होती. काकांच्या ओळखीचे सगळे टॅक्सीवाले हेच करत. हे आलं नाही तर तो ड्रायव्हर कसला?

मीही तेच केलं. हायवेवर घाटकोपरपासून गाडी पळवत आणायची आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवायची. पहिल्यांदा आईने डोळे उघडून पाहिलं. गाडी नुसती सरकत होती, टायरखालच्या खडीचा तेवढा आवाज. ती हसली. "विमान उतारता तसा वाटता," म्हणाली. ती विमानात कधी बसली नव्हती. त्या काळात तिला हसवणं सोपं राहिलं नव्हतं, म्हणून मी ते दर गुरुवारी केलं. बाबांचे नियम मला माहीत नव्हते असं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

तीन महिन्यांनी एका सकाळी विक्रोळीजवळ गाडीमागे निळा धूर उठला आणि तिचा जोर गेला. भोवरा तुटला होता, आणि इंजिनाने त्याचं ऑइल ओढून घेऊन आतून वाट लावून घेतली होती. बाबांनी पाइप काढून भोवऱ्याची कांडी बोटाने हलवली. ती खुळखुळली. वर येऊन हात धुता धुता त्यांनी मला विचारलं, "तू गाडी कशी बंद करतोस?"

"दोन मिनिटं थांबून," मी म्हणालो.

आई कॉटवर पडली होती. "थांबता तो," ती म्हणाली. "मी असतंय ना बाजूक."

तो भाग इथे मिळणं शक्य नव्हतं. मामाने कुणाबरोबर तरी पाठवेपर्यंत दीड महिना गेला. तोवर आईला सायनपर्यंत रिक्षा आणि पुढे टॅक्सी, कारण रिक्षा सायनच्या पुढे जात नसे. परत येताना रिक्षाच्या प्रत्येक हादऱ्याला ती माझा दंड धरायची. एका गुरुवारी म्हणाली, "आज नको रे. सोमवारी जावया." सोमवारीही तिच्याने उठवेना. मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार होतो? मग तिच्या छातीत पाणी झालं आणि तिला इस्पितळातच ठेवून घेतलं.

भाग आल्यावर बाबांनी गाडी पुन्हा बांधली. कामावरून येऊन रोज थोडी, बल्ब लावून. आई घरी येईल तेव्हा गाडी दारात हवी, एवढंच ते म्हणत. गाडी शनिवारी सुरू झाली. आई सोमवारी पहाटे गेली.

ॲम्ब्युलन्स मागून येणार होती, घरी सांगायला आम्ही दोघं पुढे निघालो. बाबा चालवत होते. मी आईच्या जागेवर, उजवीकडे. हायवेवर मी मनात ठरवलं, खाली पोचल्यावर ती दोन मिनिटं मिळतील तेव्हा सांगून टाकायचं. सगळं सांगायचं. त्याशिवाय मला तिला हात लावता आला नसता.

गल्लीच्या तोंडाशी बाबांनी गिअर काढला आणि चावी फिरवली.

आवाज गेला. गाडी खडीवरून सरकत आली आणि जागेवर थोडी तिरकीच थांबली. त्यांना सवय नव्हती.

"तिला हे आवडायचं ना?" बाबा म्हणाले. "इस्पितळात सांगितलं मला तिने. म्हणाली, पोराला बोलू नका."

मला रडू आवरेना. बाबांनी चावी काढून खिशात टाकली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.