मोटेच्या कातड्याचा ड्रम

आमच्या घरातला पहिला ड्रम निवडायला तीन माणसे गेली: थोरले काका, धाकटे काका आणि थोरल्यांचे मेहुणे. तिघांपैकी एकानेही आयुष्यात बैलाखेरीज कशावर काठी उगारली नव्हती. ज्याला तो वाजवायचा होता त्याला, म्हणजे मला, गाडीत मागे ढेपेच्या पोत्यावर जागा मिळाली.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे. आम्ही लोणखेड्याचे, काळ्या जमिनीचे लोक. लग्नाला नंदुरबारचा बँड आणणे ही तेव्हा मोठेपणाची खूण होती. त्या बँडचा मास्तर चिडका गृहस्थ होता. आदल्या लग्नसराईत त्याने मला रॉकेलच्या डब्यावर काठ्या चालवताना ऐकले आणि अट घातली: स्वतःचा ड्रम आण, चुलत बहिणीच्या वरातीत माझ्याबरोबर वाजव, जमले तर बँडमध्ये घेतो. न जमल्यास माझ्यासाठी जिनातली कारकुनी ठरलेली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापसाच्या गाठींवर नंबर घालायचे. ते टाळायला मला एक ड्रम हवा होता.

थोरल्या काकांनी होकार दिला, त्याचा संगीताशी संबंध नव्हता. चुलत बहीण जिथे द्यायची होती त्या धानोऱ्याच्या व्याह्यांनी ग्रामोफोन आणला होता आणि त्याला उत्तर द्यायचे होते.

नंदुरबारच्या वाद्यांच्या दुकानात दुकानदाराने दोन ड्रम पुढे ठेवले. एक जुना, कड्यांचा रंग उडालेला, पण कातडे पातळ आणि ताणलेले. टिचकी मारली की खालच्या तारा थरथरत. दुसरा नवा, लाल-हिरवा, बाजूला सिंहाचे चित्र, वर म्हशीचे जाड कातडे.

थोरल्या काकांनी जुन्यावर बोट आपटले.

"हाऊ खरखर करस. आतमां काहीतरी ढिलं शे."

"काका, ती खरखरच हवी असते. तारा त्यासाठीच लावतात." शाळेत गेल्यापासून मी मोठ्यांशी पुस्तकी बोलत असे, त्याने आमच्या घरात कोणाचेही मत कधी बदलले नाही.

"गप बस. डबा बडावनारा माले शिकाडी ऱ्हायना!"

मेहुणे हसले. "पोऱ्याले जुनंच आवडस, दाजी. बायको बी जुनीच पाहा त्याले."

दरम्यान धाकट्या काकांनी नव्या ड्रमवर अंगठा दाबला, नखाने कातडे खरवडले, नाक लावून वास घेतला. शहाद्याच्या बाजारात विहिरीच्या मोटेसाठी कातडे घेताना ते हेच करत, याच क्रमाने. काठी मात्र त्यांनी एकदाही मारून पाहिली नाही.

"मोटनं कातडं शे हाई," ते कौतुकाने म्हणाले. "विहिरमां सोडा, दगडवर घासा, फाटनार नही."

ड्रम विहिरीत कशाला सोडायचा, हे कोणी विचारले नाही.

"तुन्हा पोऱ्या बी हाऊच वाजाडतीन," थोरल्या काकांनी मला सांगितले आणि निवड संपली. परतीच्या वाटेवर तिघेही सिंहाच्या आयाळीबद्दल बोलत होते.

घरी मी स्क्रू आवळून आवळून त्या कातड्यातून जेमतेम आवाज काढला. तो चांगला नव्हता, पण आवाज होता. वरातीपुरता तो चालला असता.

मोट कोरडी पडली की तडकते, म्हणून हंगामाआधी तिला एरंडेल चोळायची आमच्याकडे रीत होती. मोटेच्या बाबतीत ती रास्तच. लग्नाच्या आदल्या सकाळी मी मांडवाला आंब्याचे डहाळे आणायला गेलो असताना धाकट्या काकांनी ड्रमला दोन्ही बाजूंनी एरंडेल चोळले, उन्हात ठेवला आणि पुन्हा चोळले.

"बठ्ठं तेल पिई लिन्हं त्यानी," मी परतल्यावर ते म्हणाले. "आते पाहा, कसा मऊ व्हयना!"

मी राखेने पुसले, चुलीजवळ धरले, स्क्रू फिरेनासे होईपर्यंत आवळले. कातडे सैलच राहिले.

वरातीत मी पहिली काठी मारली तेव्हा ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा आवाज झाला. मास्तरने बँड थांबवला, कातड्यावर बोट दाबले, बोटाला आलेले तेल सिंहाच्या तोंडावर पुसले.

"हे वाजवायचं आहे, का तळायचं?"

त्याने हात केला. बँडमधला दुसरा माणूस स्वतःचा ड्रम घेऊन माझ्या जागी उभा राहिला. मी बाजूला होऊ लागलो, तर थोरल्या काकांनी दंड धरला. धानोऱ्याच्या लोकांनी ड्रम अजून नीट पाहिला नव्हता. त्यामुळे मी पूर्ण वरातीत तो गळ्यात अडकवून, न वाजवता, चाललो. पाहुण्यांनी सिंहाची तारीफ केली.

जेवणाच्या पंगतीत चूक कोणाची याचा निकाल लागला. थोरले काका म्हणाले, "ड्रम झकास शे. याना हातमां दम नही." पंगतीने मान डोलावली. बँडबद्दल त्यानंतर घरात कोणी बोलले नाही.

लग्नाचा मांडव उतरल्यावर मी जिनात रुजू झालो. ड्रम ओसरीवर खुंटीला टांगला गेला. दर दसऱ्याला मोटेबरोबर त्यालाही एरंडेल मिळे. मी जिनातून, अंगावर कापसाची रुई घेऊन येई, तेव्हा धाकटे काका कातड्यावर अंगठा दाबून पाहत असत.

"पाहा," ते म्हणत, "अजून फाटनं नही."