लेख तिचा, मथळा त्यांचा

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला काम करताना कोणी पाहिलेलं नसतं. त्यामुळे तो माणूस काम करत नाही, असंच सगळे धरून चालतात. तिचंही तसंच झालं होतं. इमारतीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असत, पार्सलं तिच्या दारात येऊन पडत, आणि नणंदेचा फोन ठरलेल्या एकाच वाक्याने सुरू होई, "वहिनी, घरीच आहेस ना?" या प्रश्नाला 'नाही' म्हणता येत नाही आणि 'हो' म्हटलं की कोणाच्या तरी फ्रिजवाल्याची वाट बघत बसावं लागतं.

तिचं टेबल गॅलरीच्या दाराला लागून, वॉशिंग मशीनच्या शेजारी. मशीन कपडे पिळायला लागलं की टेबल थरथरायचं आणि अक्षरं डोळ्यांपुढे नाचायची. शिक्षण रसायनशास्त्राचं. तरुणपणी काही वर्षं ती एका प्रयोगशाळेत पाणी तपासायची आणि त्याचे अहवाल लिहायची. ते अहवाल कोणी वाचत नसे. एकदा तिने मुद्दाम एका अहवालात मधेच 'हे वाचणाऱ्याला माझ्याकडून चहा' असं लिहिलं. चहा प्यायला कोणी आलं नाही. तिने नोकरी सोडली आणि जिथे लिहिलेलं लोक वाचतात तिथे लिहायला लागली.

तेव्हापासून ती लिहीत होती. तारे कसे मरतात ते लिहा म्हटलं की तारे, बाथरूमला कुठली फरशी बसवावी म्हटलं की फरशी. मुंग्या, मायग्रेन, पंख्याचं रेग्युलेटर, समुद्राचा तळ, सगळ्यावर तिचा हात बसला होता. तिला स्वतःला विज्ञान प्रिय. पण विज्ञानावर पोट भरत नाही म्हणून शाम्पू. नातेवाइकांना यातलं एवढंच कळलं होतं की ही 'सायन्सचं' लिहिते. त्यामुळे कोणाचा गुडघा वाजला, कोणाच्या कुंडीतलं झाड वाळलं, की विचारणा हिच्याकडे. सांगितलेलं कोणी ऐकायचं नाही, तो भाग वेगळा.

तर ही गोष्ट त्या उन्हाळ्यातली, वटवाघळांची.

त्यांच्या इमारतीच्या दोन विंगा. त्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत हाताच्या तळव्याएवढी फट. संध्याकाळी गॅलरीत कपडे काढताना तिला त्या फटीतून काहीतरी सुर्रकन बाहेर पडताना दिसलं. मग आणखी एक. मग ओळीनेच. अंगठ्याएवढी वटवाघळं, अंधार पडायच्या आत डास टिपायला निघालेली. तिने विद्यापीठात फोन फिरवले, चार जणांनी पाचव्याकडे पाठवलं, आणि शेवटी सापडली एक संशोधक मुलगी. मुलगी म्हणजे तिशीतली, सायकलवरून हेल्मेट न काढता वर आलेली आणि बोलायला फटकळ. तिच्याकडे एक छोटी पेटी होती. वटवाघळांचे आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाहीत, ते ती पेटी ऐकू येतील असे करून दाखवायची.

तिने पेटी फटीकडे धरली आणि गॅलरीभर टकटक, कटकट, फडफड असा गोंधळ सुरू झाला. आत टीव्ही बघत बसलेल्या सासूबाई उठून आल्या. सासूबाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांना जोडून देण्यात घालवला होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "सगळे एकदम बोलतायत. आमच्या एक्स्चेंजमध्ये असाच गलका असायचा."

"बोलतातच त्या," संशोधक म्हणाली. "आता आयाच आहेत आत. पिल्लं झालीत." आणि तिच्याकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला हवं ते लिहा. फक्त एक गोष्ट गाळू नका. पिल्लांना अजून उडता येत नाही. फट बुजवली तर आतल्या आत मरतील. एवढं छापून आलंच पाहिजे."

"येईल," तिने शब्द दिला.

लेख तिने जीव ओतून लिहिला. मथळा दिला, 'भिंतीतले शेजारी'. आणि तो महत्त्वाचा इशारा टाकला अगदी शेवटी. कारण पेपरच्या रविवार पुरवणीचे संपादक कायम सांगायचे, वाचकाला शेवट लक्षात राहतो.

रविवारी पुरवणी हातात आली आणि तिने डोक्याला हात लावला. मथळा होता, 'तुमच्या भिंतीत काय लपलंय? वाचाल तर झोप उडेल!' खाली फोटो. भलंमोठं फळं खाणारं वटवाघूळ, कुठल्या तरी दूरच्या खंडातलं, जबडा वासलेलं. शेवटचा परिच्छेद नव्हताच. त्या जागी गादीची जाहिरात होती.

तिने संपादकांना फोन लावला.

"अहो, हे काय केलंत?"

"आवडला ना? मथळा मीच दिला," ते खुशीत म्हणाले.

"शेवटचा परिच्छेद कुठे गेला?"

"जाहिरात आली हो ऐन वेळी. कापायचं म्हटलं की खालूनच कापतो आपण."

"पण तुम्हीच तर म्हणता, महत्त्वाचं शेवटी ठेवा!"

"हो, मग? वाचकासाठी तेच बरोबर आहे."

"आणि फोटो? आमच्या भिंतीतलं वटवाघूळ अंगठ्याएवढं आहे."

"अंगठ्याएवढं कोण बघणार? ते सोडा. लोकांच्या उड्या पडल्यात. पुढच्या रविवारी 'तुमच्या गादीत काय लपलंय?' द्या. मस्त मालिका होईल."

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? तिने फोन ठेवला. तेवढ्यात संशोधकाचा निरोप आलाच होता, तीनच शब्दांचा. 'शेवटचा परिच्छेद कुठाय?' त्याला काय उत्तर द्यावं हे ती ठरवत होती, तोवर दार वाजलं. इमारतीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ बस डेपोचे निवृत्त अधिकारी होते, आणि इमारत म्हणजे वेळेवर न सुटणारी बस आहे असं समजून तिच्या मागे लागलेले असत. हातात पुरवणी.

"वहिनी, तुमचे उपकार," ते म्हणाले. "एवढा धोका डोक्यावर आणि आम्हाला पत्ता नाही! उद्या सकाळी गवंडी येतोय. वरपासून खालपर्यंत बुजवून टाकतो."

"काका, थांबा. ती काही करत नाहीत. मी लिहिलंय तसं. वाचा ना, इथे."

"ते तुम्ही खाली लिहिलंय," सेक्रेटरी म्हणाले. "वर काय लिहिलंय बघा."

"वरचं मी नाही लिहिलेलं."

"नाव तर तुमचंच आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने अर्धा तास समजावलं. पिल्लं सांगितली, डास सांगितले. सेक्रेटरी मान डोलवत राहिले. जाताना म्हणाले, "विचार करतो." तिलाही तेवढाच धीर आला. उद्या सकाळी संशोधकाला घेऊन त्यांच्याकडे जाऊ, असं ठरवून ती शाम्पूच्या लेखाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका त्वचेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. केसांची मुळं, तेलकटपणा असं चाललं होतं. बाहेरून खरवडल्याचा आवाज येत होता. इमारतीत कोणाकडे ना कोणाकडे सतत ठोकाठोकी चालू असतेच, म्हणून तिने एका कानावर हात ठेवला आणि बोलत राहिली. मग गॅलरीबाहेर दोन पाय दिसले. वरून दोरांवर सोडलेल्या फळीवर गवंडी बसला होता आणि हातातल्या थापीने फटीत सिमेंट भरत भरत खाली येत होता. वरचे दोन मजले झाले होते.

"डॉक्टर, एक मिनिट," म्हणत ती गॅलरीत धावली. "थांबवा! आत पिल्लं आहेत!"

"बाई, मला सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय," गवंडी म्हणाला. "त्यांना विचारा. मी रोजावरचा माणूस."

तो काही उद्धटपणे बोलला नाही. पण हातही थांबवला नाही. खालून दुसऱ्या दोरीने सिमेंटची बादली वर येत होती. ती गॅलरीच्या कठड्याला लागली आणि आतून सासूबाई आल्या. त्यांनी बादली दोन्ही हातांनी धरली, कठड्यावरून आत घेतली, हुकातून सोडवली आणि वॉशिंग मशीनवर नेऊन ठेवली.

"आता कर काम," त्या गवंड्याला म्हणाल्या.

गवंडी बघतच राहिला. मग हसला. मग त्याने खिशातून तंबाखू काढली आणि फळीवर आरामात बसून राहिला.

सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "वहिनी, हे काय? सामान अडवून धरता? सगळ्या सभासदांची मागणी आहे!"

"सभासदांनी माझा लेख वाचलाय का?"

"मथळा तर सगळ्यांनी वाचलाय!"

इतकी वर्षं ज्या रागाला कुठे जागा मिळाली नव्हती तो तिने आणखी थोडा वेळ बाजूला ठेवला. ती फक्त म्हणाली, "काका, दहा मिनिटं बसा. हात जोडते. मग काय ते करा."

तिने फोन केला तशी संशोधक सायकल दामटत आली. तिने वर बघितलं, ओलं सिमेंट बघितलं, आणि पेटी काढून फटीला लावली. दिवसाउजेडी फटीत शांतता असेल असं सेक्रेटरींना वाटलं होतं. पण आतून इतका केविलवाणा कलकलाट आला, की ते दोन पावलं मागे सरले.

"ही पिल्लं," संशोधक म्हणाली. "आयांना हाका मारतायत. वरच्या आया आणि खालची पिल्लं, मधे तुमचं सिमेंट."

सेक्रेटरींनी बराच वेळ ऐकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "काढ रे ते," ते गवंड्याला म्हणाले. "ओलं आहे तोवर काढ."

गवंड्याने सगळं खरवडून काढलं, आणि हे मात्र त्याने भरण्यापेक्षा बरंच सावकाश केलं. तरी फटीच्या तळाशी दोन पिल्लं मेलेली सापडली. शेंगदाण्याएवढी. संशोधकाने ती एका छोट्या डबीत ठेवली. तिने 'माफ कर' म्हटलं तेव्हा संशोधक एवढंच म्हणाली, "ताई, माफी मला काय करायचीय? छापून आणा."

संपादकांनी खुलासा छापला. पान अकरा, राशिभविष्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. तो नवऱ्यालाही सापडला नाही, आणि नवरा पेपर पहिल्या अक्षरापासून वाचणारा माणूस.

इकडे सभासद सेक्रेटरींच्या डोक्यावर बसले होते. 'बुजवणार होतात त्याचं काय झालं?' सेक्रेटरी पुन्हा तिच्या दारात. "वहिनी, तुम्हीच काहीतरी लिहा. लिफ्टमध्ये लावतो."

ती लिहायला बसली. निसर्गाचा समतोल, सहजीवन, असं छान वळणदार लिहून सासूबाईंना वाचून दाखवलं. सासूबाईंनी मान हलवली.

"वासाचं लिही."

"कसला वास?"

"आत मेली तर सुटेल तो. माणूस दयेने ऐकत नाही गं. वासाला घाबरतो."

तिने सगळं खोडलं. नवीन लिहिलं त्यात पाचच ओळी होत्या. भिंतीत वटवाघळांची पिल्लं आहेत. त्यांना अजून उडता येत नाही. फट बुजवली तर ती मरतील आणि घराघरांत महिनाभर वास येईल. थोडे आठवडे थांबा. हात लावू नका. मथळा तिचाच, मोठ्या अक्षरात, 'फट बुजवू नका'. तिच्या आयुष्यात इतकं वाचलं गेलेलं तिने दुसरं काही लिहिलं नसेल. लिफ्टमध्ये माणसाला करायला दुसरं असतंच काय! एका शब्दाला कुणीही हात लावला नाही. म्हणजे, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लाल पेनाने एक वेलांटी दुरुस्त केली. तिचा संताप झाला, कारण मास्तरांचं बरोबर होतं.

पिल्लं उडाली. ज्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बाहेर पडली, तेव्हा सेक्रेटरी खाली खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हळू, हळू" करत होते. पुढे संशोधक आणि गवंडी यांनी मिळून झोपायच्या खोल्यांच्या झरोक्यांजवळचा भाग तेवढा जाळीने बंद केला, बाकीची फट तशीच राहिली. संशोधकाने तिला पुन्हा मुलाखत दिली नाही. भेटली की हसते, पण कामाचं बोलत नाही.

आणि पुरवणी? तिने ठणकावून सांगितलं, मथळा आधी दाखवल्याशिवाय लेख मिळणार नाही. संपादक मनापासून हसले. गादीचा लेख त्यांनी दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतला आणि तो फार चालला. दोनेक महिने तिने दम धरला. मग गांडुळांवर एक चांगला विषय हाताला लागला, आणि तो छापायला दुसरं होतं कोण? ती परत गेली. जाताना स्वतःवरच चरफडत गेली. फक्त आता ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यात ठेवते. कापत कापत तिथवर आले तर छापायला काहीच उरणार नाही.

परवा संपादकांचा फोन आला. "हल्ली तुमचे लेख सुरुवातीलाच संपल्यासारखे वाटतात हो. उत्कंठा कुठे आहे?"

"ती तुम्ही घाला," ती म्हणाली. "मथळ्यात."

"वा!" संपादक म्हणाले. "हे तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत."

तिने फोन ठेवला आणि टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की आतून सासूबाईंनी विचारलं, "पडलं का गं काही?"