लवंगेच्या तेलाचा वास
काल दाताच्या डॉक्टरांनी माझ्या दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला आणि मला शिवाजीनगरच्या कोर्टात साक्षीला आलेला तो कारकून आठवला. हडपसरच्या एका कारखान्यात तो टेंडरची पाकिटं उघडायचा. तिकडे आयटीवाल्यांच्या इमारती नुकत्या उठत होत्या, कामं भरपूर होती आणि तीन कंपन्यांनी संगनमत करून दर भरले होते. तिन्ही पाकिटांच्या खळीला, ती टिकावी म्हणून घातलेल्या लवंगेच्या तेलाचा वास आला, म्हणजे ती एकाच टेबलावर चिकटवलेली, हे याने ओळखलं आणि तक्रार केली. मी त्यातल्या एका कंपनीच्या मालकाचा वकील. साक्षीच्या सकाळी कॅन्टीनमध्ये तो माझ्या शेजारी बसला. मी कोण हे न विचारता त्याने मला आपला अर्धा चहा दिला आणि म्हणाला, “गेल्या वर्षीच्या तापापासून वासच येत नाही हो. दूध करपलं तरी कळत नाही.” उलटतपासणीला मी उभा राहिलो तेव्हा तो ओळखीचं हसला. मी पाकिटं त्याच्या नाकाशी धरली. “घ्या वास. सांगा कोर्टाला.” त्याने डोळे मिटून तीनदा श्वास ओढला. “तेव्हा येत होता, साहेब.” “आत्ताचं बोला.” मागे कोणीतरी हसलं. वास माझ्या बोटांनाही लागला होता. त्याने हळूच विचारलं, “अहो, तुम्हाला तर येतोय ना?” मी म्हणालो, “इथे प्रश्न मी विचारतो.” माझा अशील सुटला. काल डॉक्टरांनी विचारलं, “फार झोंबतंय का?” तोंडात बोळा होता, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.