टेकडीवरचं गवत पेटवणाऱ्यांनो

आक्का, गुडघा कसा आहे? बापू, तुम्ही मागच्या पत्रात लिहिलेला खोकला थांबला का? मी बरा आहे, पण आज डोकं लई फिरलंय.

शहरातली मंडळी आमच्या टेकडीवर झाडं लावायला आली आणि जागा साफ करायची म्हणून वाळलेलं गवत पेटवून मोकळी झाली. पाऊस येईपर्यंत आमच्या गावच्या धनगर बिरूमामाची मेंढरं त्याच गवतावर जगतात.

मामा धावत आला. "अवो सायेब, चारा हाय की त्यो!"

"बाबा, हा तर कचरा. इथं हिरवंगार करू," त्यातले एक साहेब म्हणाले.

"तवर मेंढरं काय तुमचे फोटो खातील व्हय?"

साहेब हसले. मला हसू आलं नाही.

आपल्या कोरड्या मुलखात वाळलेलं गवत म्हणजेच चारा, एवढंही यांना कळू नये?

वाचकांनो, मामाला मेंढरं न्यायला कुणाच्या गावाजवळ चराईचा माळ शिल्लक आहे? आजच मला लिहा. मेंढरं उपाशी आहेत.