एक कोरडा पावसाळा

भानुदास कामावरून आला की चपला काढायच्या आधी समोरच्या भिंतीच्या फुगलेल्या पोटावर थाप मारायचा. "काय मामा, बरंय ना? आजचा दिवस उभे राहिलात, लई उपकार झाले." मग घागरीतलं पाणी घेऊन तोंड धुवायचा. भिंत आमची होती, म्हणून मला हसावं की खाली मान घालावी ते कळत नसे.

गारखेडा तेव्हा शहरात आलेलं नव्हतं. भोवती शेतं होती आणि पलीकडे नवे कारखाने सुरू झाले होते. अशाच एका कारखान्यात बिडकीनहून आलेला हा बावीस वर्षांचा मुलगा हेल्पर म्हणून लागला आणि माझ्या वडिलांनी, नानांनी, घरामागची खोली त्याला भाड्याने दिली. खोली कसली, पूर्वी आम्ही तिथे कडबा भरायचो. भिंतीने पोट काढलेलं, दाराखाली मांजर येईल एवढी फट, आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, पार चाळणी झालेलं. पावसाळ्यात एकदा डोकावलो तर परात, तांब्या, डबे मांडून तो मधल्या वीतभर कोरड्या जागेत उकिडवा बसला होता. "या दादा," म्हणाला, "पण बसताना मला विचारून बसा. सगळ्या जागा गळक्या हायत, ह्योच तेवढा कोपरा सरळ वागतो."

बिडकीनला त्याची आई एकटी होती. तिच्या पाठीला बाक आलेला, उभं राहता येत नव्हतं. तिचंही घर असंच गळकं. शेजारीण भाकरी द्यायची, पण पाऊस लागला की म्हातारी ओल्या गोधडीत रात्र काढायची. भानुदासचं एकच टुमणं असे. "दादा, मला बाकी काय नको. एक पावसाळा आईला कोरडं झोपवायचंय."

म्हणून तो नानांकडे दुरुस्ती मागायला आला. नाना सुपारी कातरत म्हणाले, "तुझ्यात दम असंल तर तू कर. मी नाय म्हणत नाय." दुसरा कुणी चिडला असता. हा आनंदाने खोलीकडे गेला आणि मामांच्या पोटावर थाप मारून त्यांना बातमी सांगितली.

त्या उन्हाळ्यात सुट्टीचा एकही दिवस त्याने वाया घालवला नाही. मामांना बाहेरून दगडांचा धिरा दिला, दाराला उंबरा बसवला, आतून शेणमातीचा गिलावा केला. मग माळवद. जुन्या गावठाणाची पांढरी माती पाणी धरत नाही, म्हणून ती पाट्यापाट्यांनी आणायची, गवताच्या मुळ्या उपटून मग पसरायची, आणि पन्हळीकडे उतार ठेवून लाकडी चोपण्याने ठोकत राहायचं. मी खालून पाट्या द्यायचो. माझा हात थांबला की वरून आवाज यायचा, "दादा, दमलात का? का सासुरवाडीची याद आली?" माझं लग्न नुकतंच ठरलं होतं.

अंथरुणाशेजारच्या भिंतीत त्याने एक कोनाडा कोरला. जमिनीपासून जेमतेम दीड हात. मी म्हणालो, "अरे, एवढ्या खाली?" तर खाली बसून, पाठ वाकवून त्याने हात पुढे केला आणि मिश्रीची डबी तिथे ठेवून दाखवली. "आईचा हात इथवरच पोचतो."

माळवदाचा शेवटचा कोपरा राहिला होता, तेव्हा नाना खोली बघून आले. जेवताना म्हणाले, "खोली लई झ्याक झालीय. तुमच्या दोघांचं बिऱ्हाड तिथंच मांडू. त्याला सांगतो, दुसरीकडं बघ म्हणून."

'नाना, त्याची आई यायचीय' एवढंच मला म्हणायचं होतं. मी वाटी पुढे केली आणि आमटी मागितली.

भानुदासने नानांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. माळवदावर चोपण्याचा आवाज आला म्हणून मी धावत गेलो. तो राहिलेला कोपरा ठोकत होता. "अरे, आता कशाला?" मी खालून विचारलं. तो म्हणाला, "अर्धं माळवद सोडून जायचं नसतं, दादा. एका कोपऱ्यातनं पाणी शिरलं की सगळंच बसतं." काम झाल्यावर ट्रंक उचलली, मामांच्या पोटावर थाप मारली. "येतो, मामा. नव्या माणसांवर रुसू नका." माझ्यावरही तो रुसला नाही. तो रुसला असता तर फार बरं झालं असतं.

पुढे तो कारखान्यातल्या चौघांच्या खोलीत पथारी टाकून राहिला. तिथे आईला आणणं शक्य नव्हतं.

माझं लग्न झालं, पाऊस आला. खोलीत थेंब पडला नाही. बायकोने एकदा विचारलं, "हा कोनाडा एवढा खाली कुणी काढला हो?" मी म्हणालो, "आधी एक भाडेकरू होता."

श्रावणात त्याच्यासोबत राहणाऱ्या एकाने सांगितलं, भानुदासची आई गेली. छातीत कफ झाला होता. मी बिडकीनला गेलो. घराची एक बाजू खचली होती, ओल्या गोधड्या कुडावर टाकल्या होत्या. भानुदासने डोकं भादरलेलं होतं. मला बघताच उठला, बसायला पोतं टाकलं.

मग त्याने विचारलं, "दादा, माळवद गळलं का वो?"

मी मान हलवली. "नाही. एक थेंबसुद्धा नाही."

त्याचा चेहरा क्षणभर खरोखर उजळला. "म्हंजी उतार बरोबर बसला," तो म्हणाला, आणि आत, रिकाम्या कोपऱ्याकडे वळून बघितलं. "आईला सांगायचं राहिलं."