चाळीस दिवसांचा हात

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वासात वाजता, आमच्या शेजारच्या मालिशवाल्या अक्का गणेशगुडीच्या थांब्यावर रामनगरच्या बसमध्ये बसल्या. हातात एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन लुगडी आणि खोकल्याच्या औषधाच्या तीन जुन्या बाटल्या होत्या. बाटल्यांत तेल होतं. रामनगरला बस बदलून त्या वास्कोला, लेकीकडे जाणार होत्या. अजून त्या परतलेल्या नाहीत.

सुपा धरणापासून उळवीपर्यंतच्या पट्ट्यात अक्कांचा हात ज्याच्या पाठीवरून फिरला नाही असा माणूस एक तर परवाच बदली होऊन आलेला असतो, नाही तर खोटं बोलत असतो. बावीस वर्षं बेळगावच्या एका वर्तमानपत्रात दुसऱ्यांची अतिशयोक्ती खोडण्यात घालवल्यावरही मी हे वाक्य तसंच ठेवतो आहे. अक्का माणसं चेहऱ्याने ओळखत नसत, पाठीने ओळखत. जोयड्याच्या बाजारात एकदा कचेरीतल्या एका कारकुनाने त्यांना हसून नमस्कार केला. अक्का त्याच्याकडे खांबाकडे बघावं तशा बघत राहिल्या. तो खट्टू होऊन वळला, चार पावलं गेला आणि मागून हाक आली, “अगोबाई, तुमी व्हय! डावा खांदा अजून वर उचलूनच चालताय की ओ! काय सांगितलं हुतं मी?” भर बाजारात त्याने खांदा खाली केला. तो कारकून अजूनही अक्कांचं घर आलं की खांदा खाली करून चालतो. हे मी दोनदा पाहिलं आहे.

नदीकाठच्या एका लॉजवर अक्का नोकरीला होत्या. तिथे त्यांना पांढरा कोट होता आणि कोटावर ‘वेलनेस थेरपिस्ट’ अशी पट्टी होती. कोट त्या कामाला लागताना काढून ठेवत, कारण त्याच्या बाह्यांत कोपर अडकतं. मालिशच्या खोलीत मॅनेजरने यंत्रावर वाहत्या पाण्याचा आवाज लावायची पद्धत घातली होती. अक्का रोज ते यंत्र बंद करत आणि खिडकी उघडत. खिडकीखाली काळी नावाची खरी नदी वाहत होती. मॅनेजरने समजावलं, की पाहुण्यांना यंत्रातलाच आवाज आवडतो, तो एकसारखा असतो. अक्का म्हणाल्या, “मग पावनं फुकट आलंत एवढ्या लांब.” लॉजची सुवासिक तेलं त्यांनी कधी वापरली नाहीत. खोबरेलात भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तूप, वितळवून त्या घरीच तेल करत आणि खोकल्याच्या बाटलीतून नेत. राफ्टिंग करून खांदे आखडलेली शहरातली माणसं टेबलावर पालथी पडूनही हातातला फोन सोडत नसत. अक्का तो काढून घेत आणि सांगत, “दुखणं हितं न्हाई. ह्यात हाय.” अशा एका पाहुण्याने लॉजकडे तक्रार लिहून दिली होती. तोच पाहुणा पुढच्या वर्षी आईला घेऊन आला.

दुपारी तीननंतर त्यांचा दिवस गावाचा असे. शनिवारी महिला संघाची बैठक भरे. तिथे अक्का अध्यक्षबाईंच्या मागे बसून त्यांची मान चोळत. अध्यक्षबाईंचे डोळे मिटत, अक्का समोरच्या बाईला ठराव वाचायला सांगत आणि अध्यक्षबाई झोपेतच “व्हय, व्हय” म्हणत. एका वर्षी पाण्याच्या टाकीसाठी तीन अर्ज गेले, तिन्ही असे मंजूर झालेले. टाकी आली. उळवीच्या जत्रेच्या दिवसांत त्या वाटेवर चटई टाकून बसत. धारवाड-बेळगावकडून आलेल्या बैलगाड्या थांबत, चालून आलेली माणसं पाय पुढे करत. अक्का त्यांना ओलांडून आधी बैलांकडे जात आणि जू घासलेल्या जागी तेल लावत. कुणी कुरकुर केलीच तर म्हणत, “तुमी बोंबलून सांगू शकताय. त्याचं आदी.”

या सगळ्यात त्यांनी एक मुलगी वाढवली. नवरा धरणावर रोजंदारीला होता. मुलगी चार वर्षांची असताना तो वारला. मुलगी कधी लॉजच्या धोब्याजवळ, कधी संघाच्या बैठकीत, कधी कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर अभ्यास करत मोठी झाली. शाळेत तिला आईवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा तिने एकच ओळ लिहिली होती: ‘माझी आई सगळ्यांच्या घरी असते.’ बाईंनी त्या ओळीला शाबासकी दिली. अक्कांनी तो कागद मला कौतुकाने दाखवला. मी तो दोनदा वाचला आणि परत दिला.

आता चाळीस दिवसांबद्दल. आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर जुना रिवाज आहे: बाळंतिणीला आणि बाळाला पहिल्या दिवशी ज्या हाताने तेल लागलं, त्याच हाताने चाळीस दिवस लागलं पाहिजे. मधे हात बदलायचा नाही. बाकीचे लोक हा रिवाज सोयीने पाळतात. अक्का तो ताप असला, बंद असला, रस्त्यावर झाड पडलं असलं तरी पाळत. त्यालाही कारण होतं. मुलगी आठवीत असताना धारवाडला शाळांच्या संमेलनात नाचणार होती. आई आली पाहिजे म्हणून तिने दोन दिवस जेवण सोडलं. अक्का एका बाळाचं विसाव्या दिवसाचं तेल शेजारणीवर सोपवून दोन दिवसांसाठी गेल्या. त्या परतल्या त्या सकाळी ते बाळ गेलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की जन्मतःच हृदयात दोष होता. तो कागद मी पाहिला आहे. अक्कांनीही पाहिला होता. त्यानंतर त्यांनी हात कधी बदलला नाही आणि मुलीने पुन्हा कधी बोलावलं नाही.

मुलगी लग्न होऊन वास्कोला गेली. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती डोहाळजेवणाला आली, तेव्हा आमच्या पायरीवर बसली होती, कारण फोनला रेंज फक्त तिथेच मिळते. बऱ्याच वर्षांनी तिने आईकडे काही मागितलं.

“माझ्या बाळाला तूच तेल लावायचं. दुसरी बाई नको मला.”

“दुसरी कशाला गं? मी काय मेले काय?” अक्का म्हणाल्या, आणि तिच्या पोटावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. मग सोनोग्राफीचा कागद मागितला, तारीख वाचून घेतली आणि परत केला. “कागद चुकलाय. वीस दिस पुढं हाय.”

“आई, मशीन हाय ते.”

“मशीनला हात हायत काय?”

दोघी हसल्या. अक्कांच्या हाताने सांगितलेली तारीख तोवर दोन दिवसांपलीकडे चुकलेली माझ्या माहितीत नव्हती. पुढे मुलीचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी घाटातून प्रवास बंद केला, आणि बाळंतपण वास्कोलाच करायचं ठरलं. अक्कांनीच तिकडे जायचं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला डोंगरावरच्या एका वाडीवरून निरोप आला. वाडीत एके काळी अकरा घरं होती. लोक एकेक करून जंगलाबाहेर राहायला गेले, चार उरली. त्यांतल्या एका कुणबी घरात सून बाळंत झाली होती. बाळ दोन किलोही नव्हतं. इस्पितळातून घरी सोडलं होतं आणि अक्कांचा हात हवा होता. अक्कांनी माझ्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले. चाळीस दिवस संपल्यावर लेकीच्या तारखेला, म्हणजे त्यांच्या हाताने सांगितलेल्या तारखेला, तीन दिवस उरत होते.

“अक्का, कागदावरची तारीख खरी ठरली तर?” मी विचारलं.

“तुमाला कागदाचाच इश्वास, अण्णा. तुमचा धंदाच त्यो,” त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या.

लॉजची वेळ त्यांनी दुपारची करून घेतली. रोज पहाटे फाट्यापर्यंत जीप, तिथून तासाभराची चढण. नर्सने सांगितलं होतं, की बाळाला पाणी घालायची घाई नको, ऊब द्या. अक्कांनी ते ऐकलं. पहिला आठवडा त्यांनी बाळाला तेलाचं बोटसुद्धा तळपायापलीकडे लावलं नाही, नुसतं छातीशी धरून बसल्या. पंधराव्या दिवशी त्या खाली आल्या आणि पायरीवरच्या मला म्हणाल्या, “आज मुतलं माझ्या अंगावर. चांगली धार हाय.” मी त्यांना इतकं खूश पुन्हा पाहिलेलं नाही.

तेविसाव्या दिवशी दुपारी त्या पायरीवर चढल्या तेव्हा फोन वाजला. मुलीला मुलगा झाला होता. तारीख कागदावरचीच होती. फोन जुना होता, त्यातला आवाज बाहेर ऐकू येई.

“आई, ये.”

अक्कांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, “सतरा दिस ऱ्हायले गं.”

“कुणाचे?”

“डोंगरावरच्या पोराचे. एवढुसं हाय ते.”

“माझं पण एवढुसंच हाय,” मुलगी म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी वाडीवर बाळाची आजी अक्कांना म्हणाली, “अक्का, तुमी जावा लेकीकडं. आमी लावू तेल. आमी तुमास्नी काय बोल लावणार न्हाई.” हे मला त्या आजीने स्वतः सांगितलं. अक्कांनी तिला उत्तर दिलं, “तुमी बोल लावणार न्हाई. मीच लावणार की माझा मला.” आणि त्या पाटावर बसल्या. त्या आठवड्यात त्यांनी वास्कोला रोज फोन केला. तो कुणी उचलला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी जावयाने कळवलं, की शेजारच्या इमारतीत एक चांगली अनुभवी बाई मिळाली आहे, तिने आजपासून सुरुवात केली. अक्का पायरीवर बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, “दुसऱ्यांच्या पोटावर ठेवला तवा हात बघायचा, अण्णा. लेकीच्या पोटावर ठेवला तवा मनच मधी आलं. ती अजून लहान हाय असंच वाटत ऱ्हायलं.”

चाळिसाव्या दिवशी डोंगरावरचं बाळ तीन किलोच्या जरा वर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का बसमध्ये बसल्या. त्याच आठवड्यात ते कुटुंब खानापूरकडे राहायला गेलं. वाडीत तीन घरं उरली.

वास्कोला काय झालं ते जावयाने सांगितलं आणि पुढे अक्कांनीही तेच सांगितलं, म्हणून लिहितो. अक्का पोचल्या तेव्हा बाळाची अंघोळ चालली होती. अक्का दारातच थांबल्या. ती बाई भली होती. उठून म्हणाली, “या, आजी, तुमचाच नातू. बसा तुम्ही.” अक्का पुढे झाल्या. मुलगी कॉटवरून म्हणाली, “कितवा दिवस आज?”

“चौदावा,” ती बाई म्हणाली.

“मग सव्वीस ऱ्हायले,” मुलगी आईकडे न बघता म्हणाली. “हात बदलायचा न्हाई. तूच म्हणतीस.”

जावयाने मधे पडून पाहिलं. अक्कांनी त्याला थांबवलं. “बरोबर हाय तिचं,” म्हणाल्या आणि पिशवी कोपऱ्यात ठेवली.

यंदा उळवीच्या वाटेवर चटई नव्हती. गाड्या नेहमीच्या वळणावर थांबल्या. दोन गाडीवानांनी अक्कांची चौकशी केली आणि बैलांना पाणी दाखवून ते पुढे गेले. लॉजवर नवी मुलगी आली आहे. ती यंत्र लावते, खिडकी बंद असते.

काल सकाळी मी वास्कोला फोन केला. पहिल्यांदाच मुलीने उचलला. बाळ चांगलं आहे म्हणाली. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाली, “न्हाणीत. पाणी तीच तापवते. दुसऱ्या कुणाला जमत न्हाई.” मग फोन तसाच ठेवून ती कुणाशी तरी बोलली, “आई, बघ गं, जास्त कढत न्हाई ना?” पलीकडून अक्कांचा आवाज आला, “कोपर घालून बघितलंय. बरोबर हाय.” त्यानंतर बादली ठेवल्याचा आवाज आला आणि मुलगी म्हणाली, की शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी बाळाला पायांवर घेतलं.

काल त्या हाताचा तेहतिसावा दिवस होता.