एकटीनं उतरायचं

कापडे गावची ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. माझ्यामुळे तिची शाळा सुटली तेव्हा बारा वर्षांची. मधली तीन वर्षं मी दर गुरुवारी तिच्या घरी जात होते.

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या ज्या मुलांना वर्गात इतरांसारखं जमत नाही, त्यांच्या शाळेत आणि घरी जाऊन शिकवायचं, हे माझं काम. या मुलीला स्वमग्नता होती. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ. पण अंघोळीला जा म्हटलं की ती मोरीत जाऊन उभी राहायची. हातात तांब्या, समोर बादली, आणि पुढचं काही सुचायचं नाही. एका अंघोळीत दहा-बारा छोटी कामं असतात आणि ती एकामागून एक करायची असतात, हे बहुतेकांना आपोआप कळतं. तिला एकेक शिकवावं लागत होतं. गावात बोलायचे, आळशी हाय, आयशीनं लाडावून ठेवलीय. आई एकटी भातशेती बघायची. वडील मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचे.

मी चित्रांची कार्डं केली. मोरीच्या दारावर सहा, कपड्यांच्या पेटीवर चार, दप्तराच्या खुंटीखाली पाच. एक काम झालं की ते कार्ड उलटं करायचं. पहिलं वर्षभर ती कार्डं तेवढी उलटी करायची, कामं तशीच. मी कंटाळले, पण तिची आई कंटाळली नाही. लावणीच्या दिवसांतही चिखलाचे हात धुऊन ती मुलीमागे उभी राहायची आणि नुसतं बोट दाखवायची. दुसरा पावसाळा संपल्यावर एका गुरुवारी मी गेले, तर मुलगी केस विंचरून, दप्तर भरून ओटीवर बसलेली. आई म्हणाली, "आज मी काय बी बोलले नाय, बाई. मी गोठ्यात होते." मग आम्ही दोघी तिच्याकडे बघत तशाच उभ्या राहिलो.

गावची शाळा पाचवीला संपली. सहावीसाठी एसटीनं पोलादपूरला जायचं होतं. आईला वाटत होतं, आता बस झालं. मीच मागे लागले. मी म्हणाले, तिला गाडीनं जायला मी शिकवते.

जूनमध्ये मी तिच्याबरोबर गाडीत बसायला लागले. ती गाडी पोलादपूरवरून पुढे महाडला जाते, त्यामुळे वेळेवर उठून उतरणं हीच मोठी गोष्ट होती. स्टँडच्या जरा अलीकडे वडापावची एक हातगाडी होती, तिच्यावर पावसासाठी निळी ताडपत्री बांधलेली. लांबून दिसायची. मी कार्ड केलं: निळं दिसलं की दप्तर पाठीला लावायचं, उठायचं, दांडा धरायचा, गाडी थांबली की उतरायचं. शाळा तिथून समोरच. कंडक्टर भला माणूस होता. तोही रोज सांगायचा, "पोलादपूर आलं गो, ऊठ." श्रावण संपेपर्यंत ती कुणाचा हात न धरता उतरायला लागली.

आमच्या प्रशिक्षणात सांगतात की मदत हळूहळू काढून घ्यायची, नाहीतर मूल मदतीवरच टेकून राहतं. ते खोटं नाही. पण ऑक्टोबरात आमची आढावा बैठक होती आणि तिथे मला एक तरी मूल पूर्ण स्वतंत्र झालेलं दाखवायचं होतं. आज हे लिहिताना लाज वाटते. मी कंडक्टरला सांगितलं की आता तिला हाक मारू नका, तिची ती उतरू दे. तो म्हणाला, "मॅडम, मला काय जड नाय. मारू दे की हाक." मी ऐकलं नाही.

तीन आठवडे ती आपली आपण उतरली. दोनदा मी मागच्या सीटवर लपून बसले आणि पाहिलं. दप्तर, उठणं, दांडा, उतरणं. एकदाही चुकली नाही.

बैठक महाडला होती. मी चवदार तळ्याच्या पलीकडच्या आळीत राहते, त्यामुळे त्या दिवशी पोलादपूरकडे गेलेच नाही. माझी पाळी आली तेव्हा मी वाचून दाखवलं: विद्यार्थिनी स्वतंत्रपणे एसटीने शाळेत जाते. साहेबांनी मान डोलावली, म्हणाले, इतरांनीही असं काम करावं. मला फार बरं वाटलं. चहाच्या वेळी दोघीतिघी माझ्याकडून कार्डांची कल्पना समजून घ्यायला आल्या.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "बाई, गाडी आली. ती नाय आली."

शाळेत फोन केला तर कळलं, ती सकाळपासून आलीच नव्हती. मुलं गैरहजर राहतातच, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. कंडक्टरला फोन केला, तो दोन दिवस रजेवर होता. मग डोक्यात आलं की गाडी महाडला येते. मी चपला घातल्या न घातल्या आणि स्टँडकडे पळत सुटले.

ती शेवटच्या फलाटावर होती. भोवती माणसं गोळा झालेली, कुणी वेडी म्हणत होतं. ती दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेत होती. स्कर्ट ओला. पेरू विकणाऱ्या बाईनं मला सांगितलं की पोरगी सकाळपासून बाकावर गप बसून होती. जेवायच्या सुट्टीच्या वेळी डबा उघडून जेवली, झाकण लावून डबा दप्तरात ठेवला. बाईला वाटलं, कुणीतरी न्यायला येणार असेल. पाचला ती उठली आणि एकेका गाडीजवळ जाऊन बघायला लागली, आणि तिची गाडी सापडेना. तिनं कुणाला विचारलं नाही. विचारायचं कसं, याचं कार्ड मी कधी केलंच नव्हतं.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. बऱ्याच वेळानं हात थांबले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "निळं आलंच नाय."

मला लगेच कळलं नाही. जीपनं तिला घरी नेताना पोलादपूरला कळलं. पाऊस सरला होता. वडापाववाल्यानं ताडपत्री उतरवून ठेवली होती, नुसते बांबू उभे होते. त्याच आठवड्यात मी दोनदा त्या हातगाडीसमोरून गेले होते. तेव्हा ताडपत्री होती की नव्हती, मला आजही आठवत नाही.

आई रस्त्यावरच उभी होती. ती ओरडली नाही. मुलीला मोरीत नेलं, धुतलं, दुसरे कपडे घातले, आत निजवलं. मग ओटीवर आली.

"बाई, कंडक्टर सांगत व्हता ना तिला? तुमी नको बोललात?"

मी हो म्हणाले. तिनं कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, मदत काढून घेणं, टेकून राहणं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"माणसं सांगतातच की एकमेकांना," ती म्हणाली. "मला बी शेजारीण हाक मारते, गाडी आली म्हणून. मी काय टेकलेय तिच्यावर?"

वडिलांनी फोनवरच सांगितलं की शाळा बंद. मी हेडसरांना भेटले, पुन्हा रोज बरोबर बसते म्हणाले. पंधरा दिवसांनी आईनं एक संधी दिली. आम्ही थांब्यावर गेलो. गाडी वळणावर दिसली आणि मुलगी रस्त्यातच आडवी झाली. तिला उचलायला दोन माणसं लागली. त्यानंतर दप्तर गेलं, मग विंचरणं, मग अंघोळही. तीन वर्षांचं सगळं महिन्या-दीड महिन्यात पुसलं गेलं. एकदा गेले तर दारावरची, पेटीवरची कार्डं काढलेली होती. पाळी सुरू झाली तेव्हापासून तर सगळं आईच करते.

कागदावर ती आता घरी शिकणारी विद्यार्थिनी आहे. मी गुरुवारी जाते. मला पाहिलं की ती आतल्या खोलीत निघून जाते. आई चहा करते, शेतीचं बोलते. गेल्या महिन्यात कप माझ्यापुढे ठेवता ठेवता तिनं विचारलं, "माझ्या पाठीमागं हिला कोण न्हाऊ घालील, बाई?" माझा चहा अर्धाच राहिला.

महाडात माझ्याकडे अकरा वर्षांची आणखी एक मुलगी आहे. तिच्या आईला वाटतं, लेकीनं आळीच्या टोकाच्या दुकानातून एकटीनं साखर आणावी. मुलीला ते जमेल, मला माहीत आहे. आई दर आठवड्याला विचारते, कधी पाठवायचं. पुढच्या महिन्यात बघू, असं मी गेलं वर्षभर सांगते आहे.